न विणलेले कापड

कापड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माग येतो. उभा धागा, आडवा धागा, मध्ये धावणारा धोटा. पण २०२० साली ज्या कापडाने साऱ्या जगाचे नाक-तोंड झाकले, ते कापड कुठल्याच मागावर विणलेले नव्हते. त्या दिवसांतला एखादा डॉक्टरी मास्क अजून घरात पडून असेल तर कात्रीने कापून पाहा. बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये एक पांढरा, कागदासारखा पातळ थर दिसेल. खरे काम करतो तो हाच. तो उजेडासमोर धरला तर ना उभा धागा दिसतो ना आडवा. दिसतो तो केवळ गुंता.

इंग्रजीत याला ‘नॉनवोव्हन’ म्हणतात. बाजारातल्या पिशव्यांमुळे हा शब्द आता आपल्या वाण्यालाही ठाऊक आहे. मी कलाशाखेचा माणूस, धाग्यांचे रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण या गुंत्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात एक वेगळीच गोष्ट सापडली. हवेतली धूळ गाळण्याची विद्या माणसाला कशी आली, एवढीच ही गोष्ट नाही. ती विद्या कोणासाठी आधी वापरली गेली आणि कोणाच्या वाट्याला सर्वांत शेवटी आली, ही खरी गोष्ट आहे.

आधी हा गुंता काम कसे करतो ते समजून घेऊ. आपल्याला वाटते की गाळणे म्हणजे चाळण. भोकापेक्षा मोठे ते वर राहणार, लहान ते खाली जाणार. चहाच्या गाळणीपुरते हे खरे आहे, पण हवा अशी गाळली जात नाही. मास्कच्या मधल्या थरातल्या तंतूंमधल्या फटी पुष्कळदा धुळीच्या कणापेक्षा मोठ्याच असतात. तरीही कण अडकतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जी दाटी असते ती डोळ्यांपुढे आणा. जो माणूस जोरात धावत सुटला आहे त्याला वळता येत नाही, तो कुठल्यातरी दुकानाच्या खांबावर आपटतो. मोठ्या कणांचे तसेच होते. हवा तंतूला वळसा घालून जाते, कण सरळ जाऊन तंतूवर आदळतो. दुसरा एक गृहस्थ टाकून आलेला आहे. तो झोकांड्या खात चालतो आणि कुठे ना कुठे धडकतोच. अतिसूक्ष्म कण असेच असतात. हवेच्या रेणूंचे धक्के खात ते भेलकांडतात आणि तंतूला चिकटतात. सगळ्यात सुखरूप कोण निसटतो? ना फार वेगात, ना झोकांड्या खाणारा, शांतपणे वळणे घेत जाणारा मधला माणूस. कणांच्या जगात हा मधला माणूस साधारण ०.३ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला तर त्याच्या दोनशेव्या भागाहूनही लहान. म्हणूनच उत्तम गाळण्यांची परीक्षा याच आकाराच्या आसपासच्या कणांवर घेतात. जो सर्वांत अवघड तो अडला, तर त्याहून मोठे आणि त्याहून लहान दोन्ही अडणारच.

म्हणजे येथे जमेची बाजू विणकामाची शिस्त नसून गुंत्याची बेशिस्त आहे. विणलेल्या कापडात धाग्याधाग्यांमध्ये सरळ आरपार भोके असतात, गुंत्यात आरपार रस्ताच नसतो. पूर्वी गाद्या भरायला येणारा पिंजारी कापूस पिंजून फुलवायचा. त्या फुललेल्या कापसात जे आहे ते तलम मलमलीतही नाही.

धुळीपासून नाक वाचवावे ही कल्पना फार जुनी. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे की हिंगूळ तयार करणारे कामगार ती विषारी पूड श्वासात जाऊ नये म्हणून जनावराच्या मूत्राशयाचे कातडे तोंडावर बांधत. लक्षात घ्या, धुळीविरुद्धच्या आवरणाची ही फार जुनी नोंद आहे आणि ती राजाची नाही, सेनापतीची नाही, मजुराची आहे. त्यानंतर मात्र हा मजूर या इतिहासातून बराच काळ मागे पडतो.

एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांना कापसाची शक्ती कळली ती एका वेगळ्याच वादातून. सडण्याची क्रिया हवेमुळे होते की हवेतल्या कशामुळे, असा तो वाद होता. १८५४ साली श्र्योडर आणि फॉन डुश या दोन जर्मन संशोधकांनी दाखवले की उकळलेल्या मांसरसाला कापसातून गाळलेली हवा दिली तर तो सहसा नासत नाही. १८६० च्या सुमारास लुई पाश्चर याने आणखी सुंदर युक्ती केली. त्याने साध्या कापसाऐवजी गनकॉटन घेतला, म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेला कापूस, जो अल्कोहोल आणि ईथरच्या मिश्रणात विरघळतो. त्यातून हवा खेचली, मग गाळणेच विरघळवून टाकले आणि खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हवेत तरंगणारे जीव त्याच्यासमोर होते. पुढे १८७० साली लंडनमध्ये जॉन टिंडल याने धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिले. अंधाऱ्या जागी प्रकाशाचा झोत टाकला की त्यात कण नाचताना दिसतात. कौलातल्या काचेतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात आपणही ते लहानपणी पाहिलेले आहेत. कापसातून गाळलेली हवा त्या झोतात सोडली की तिथे काळोख दिसतो, कारण प्रकाश दाखवायला कणच उरत नाहीत. याच टिंडलने आगीच्या बंबवाल्यांसाठी ग्लिसरिनमध्ये भिजवलेला कापूस आणि कोळसा भरलेले श्वसनयंत्र तयार केले.

१८९७ साली ब्रेस्लाउचा शल्यविशारद मिकुलिच आणि पॅरिसचा पॉल बर्जे शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीच्या कापडाचा मास्क लावू लागले. पण तो रुग्णाला डॉक्टरच्या थुंकीपासून वाचवण्यासाठी. मास्क घालणाऱ्याला वाचवायचे हा विचार त्यात नव्हता.

तो विचार पक्का झाला प्लेगमुळे, आणि या प्लेगशी आपलेही एक नाते आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातला ताप हा साधा ताप नसून प्लेग आहे हे ओळखणारे डॉक्टर होते आकासियो गाब्रिएल व्हिएगस, आपल्या हडफड्याचे. त्यांचा पुतळा मुंबईत धोबी तलावाजवळ उभा आहे. मुंबईतला प्लेग मुख्यतः गाठीचा होता. उंदरांवरच्या पिसवांतून तो पसरे, त्यामुळे तेथे मास्कचा फारसा प्रश्नच नव्हता. पण त्याच जागतिक साथीच्या काळात १९१० च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग उसळला. तो खोकल्यातून पसरत होता. चीन सरकारने तेथे एका तरुण डॉक्टराला पाठवले. नाव वू लिएन-तेह, जन्म मलायातल्या पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे, वय एकतीस. १९१० च्या डिसेंबरात तो हार्बिनला पोहोचला. हा रोग हवेतून जातो असे त्याने सांगितले आणि जाळीच्या कापडाच्या दोन थरांत कापसाची गादी घालून, मागे बांधायच्या लांब पट्ट्या लावून मास्क करवून घेतले. स्वस्त, कुठेही बनण्यासारखे. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टराला हे पटले नाही. तो मास्क न लावता रुग्ण तपासायला गेला आणि १९११ च्या जानेवारीत त्याच प्लेगने वारला. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कला कोणी हसले नाही. सुमारे ६०,००० बळी घेऊन काही महिन्यांत ती साथ संपली.

वूच्या मास्कमध्ये कापड कशासाठी होते? केवळ धरून ठेवायला. गाळण्याचे काम मधला न विणलेला कापूस करत होता. मास्कची ही रचना आजही फारशी बदललेली नाही.

मग आले पहिले महायुद्ध. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी क्लोरीन सोडला. वायूंवर इलाज म्हणून कोळशाचे डबे आले. १९१७ मध्ये जर्मनांनी आर्सेनिकयुक्त रसायनांचा बारीक धूर वापरायला घेतला. धूर हा वायू नसतो, ते घन कण असतात, आणि कोळशातून ते सरळ पार होत. तेव्हा डब्यात तंतूंचा थर बसवणे भाग पडले. यानंतर प्रत्येक लष्कराने तंतूंच्या गाळण्यांवर डोके लढवले. १९३० च्या सुमारास हान्सेन नावाच्या एका डॅनिश माणसाने लोकरीत राळेची पूड मिसळून ती पिंजली. घर्षणाने लोकरीवर आणि राळेवर विद्युतभार साठला. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तशीच ही लोकर धूळ ओढू लागली. गुंत्याला आता चुंबकासारखी ओढ मिळाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी जर्मन गॅसमास्कमधला कागद तपासला, तेव्हा त्यात बारीक ॲस्बेस्टॉसचे तंतू निघाले. त्याच धर्तीवर त्यांनी स्वतःचा कागद केला आणि अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला वापरला. ज्याला आज आपण ‘हेपा’ गाळणे म्हणतो, त्याचे मूळ येथे आहे. पुढे त्यात ॲस्बेस्टॉसऐवजी काचेचे तंतू आले. दरम्यान १९५२ ते १९५६ या काळात अमेरिकेत ‘केंट’ नावाच्या सिगारेटच्या फिल्टरमध्ये हाच निळा ॲस्बेस्टॉस घातला जात होता आणि आरोग्याला सुरक्षित म्हणून त्याची जाहिरात होत होती. फुप्फुसे वाचवायला निघालेले गाळणेच फुप्फुसात उतरले.

रशियनांची वाट वेगळी होती. मॉस्कोच्या कार्पोव्ह संस्थेत १९३८ च्या सुमारास पेत्र्यानोव्ह आणि रोझेनब्लुम यांना असे आढळले की विरघळवलेल्या प्लास्टिकला उच्च दाबाची वीज दिली की त्यातून कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू निघतात. त्यांचा थर म्हणजे ‘पेत्र्यानोव्हचे कापड’. पुढे त्यातून ‘लेपेस्तोक’, म्हणजे पाकळी, नावाचा हलका मास्क झाला. १९८६ साली चेर्नोबिलमध्ये काम करणाऱ्यांच्या छायाचित्रांत जी पांढरी पाकळी तोंडावर दिसते ती हीच.

आणि अमेरिकेतला शेवटचा धागा, किंवा म्हणा शेवटचा गुंता, तोही बाँबचाच. अणुचाचण्यांनंतर वरच्या वातावरणात तरंगणारे किरणोत्सारी कण गोळा करायला अतिशय बारीक तंतूंचे गाळणे हवे होते. नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे याने १९५० च्या दशकात वितळलेले प्लास्टिक बारीक छिद्रांतून सोडून दोन्ही बाजूंनी गरम हवेचा झोत मारायची पद्धत बसवली. मेळ्यात यंत्रावर साखरेची ‘म्हातारीचे केस’ मिठाई करतात ना, ती डोळ्यांपुढे आणा. यालाच ‘मेल्टब्लोन’ म्हणतात. १९६० आणि ७० च्या दशकांत एक्सॉन कंपनीने ती पद्धत कारखान्यात आणली.

आता मजुराकडे परत येऊ, कारण या सगळ्या काळात तो काय श्वासात घेत होता? १९३० साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे वीजप्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा खोदायला सुरुवात झाली. खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा होता. कोरडे ड्रिलिंग चालले. मजुरांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, कामाच्या शोधात दुरून आलेले. १९३६ साली काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या, तेव्हा पाहणीला येणारे अधिकारी मास्क लावून येत आणि मजुरांना मात्र काही नसे, असे सांगण्यात आले. त्या चौकशीत मृतांचा आकडा ४७६ धरला गेला. पुढच्या अभ्यासांनी तो याहून मोठा मानला. हे काम युनियन कार्बाइडच्या उपकंपनीसाठी चालले होते. हे नाव पुढे १९८४ साली भोपाळमुळे आपल्यालाही पाठ झाले.

हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. विद्या नव्हती असे नाही. टिंडलचा कापूस साठ वर्षांचा जुना झाला होता, वूचा मास्क वीस वर्षांचा. कापूस महाग नव्हता. बोगद्यात मास्क होतेसुद्धा, पण पाहुण्यांच्या तोंडावर.

मजुराची पाळी आली ती एका अनपेक्षित वाटेने. सारा लिटल टर्नबुल या डिझाइनर बाई १९५८ साली थ्रीएम कंपनीला सल्ला देत होत्या. कंपनीकडे भेटवस्तूंच्या रिबिनींसाठी न विणलेले कापड होते. साराबाईंनी दाखवले की ते साच्यात घालून वाटीचा आकार देता येतो. आधी विचार झाला स्त्रियांच्या अंतर्वस्त्राच्या वाट्यांचा. पण त्या काळात घरच्या आजारी माणसांसाठी बाईंचे इस्पितळात येणे-जाणे चालले होते आणि तेथे डॉक्टर सारखे सैल होणारे मास्क बांधताना त्यांना दिसत. वाटी तोंडावर आली ती तशी. १९६१ मध्ये तो मास्क बाजारात आला. जंतू पुरेसे अडत नाहीत असे आढळल्यावर तो धुळीचा मास्क म्हणून विकला गेला. १९६८ साली फार्मिंग्टनच्या कोळसाखाणीत ७८ माणसे गेली, काळ्या फुप्फुसाच्या रोगाविरुद्ध खाणकामगार रस्त्यावर उतरले, १९६९ मध्ये खाणसुरक्षेचा कायदा आणि १९७० मध्ये कामगारांच्या आरोग्याचा कायदा झाला. त्यानंतर १९७२ च्या मे महिन्यात एकदा वापरून टाकायच्या अशा पहिल्या धूळ-मास्कला सरकारी मान्यता मिळाली. ‘एन-९५’ हे नाव आले १९९५ च्या नव्या नियमांत. ‘एन’ म्हणजे तेलकट धुरासाठी नव्हे, आणि ९५ म्हणजे परीक्षेतले किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. त्याच दशकात टेनेसी विद्यापीठातले, मूळचे तैवानचे पीटर त्साय यांनी मेल्टब्लोन थरावर विद्युतभार चढवण्याची पद्धत सुधारली. हान्सेनची लोकर आणि वेंटेचे प्लास्टिक एकत्र आले. हा भार धुतल्याने किंवा अल्कोहोल लावल्याने उतरतो. म्हणून एन-९५ साबणाने धुऊन वाळत घालायचा नसतो.

म्हणजे गाळणे तयार झाले. पण गोष्ट अजून संपत नाही, कारण गाळणे सपाट असते आणि चेहरा सपाट नसतो. माणूस बोलतो, जांभई देतो, ओझे उचलताना जबडा आवळतो. मास्क आणि गाल यांच्यामध्ये बारीकशी फट पडली तरी हवा तीच सोपी वाट धरते आणि ९५ टक्क्यांचे गाळणे बाजूला राहते. मास्क नीट बसला की नाही हे पाहण्याची साधी परीक्षा आहे. डोक्यावर पारदर्शक टोप घालून आत सॅकरिनचा फवारा मारतात. जिभेला गोड लागले की समजावे, गळती आहे.

मग हे कापडच ताणले जाणारे का करू नये? अडचण येथेच आहे. टी-शर्टचे कापड ताणून उजेडात धरा, भोके मोठी झालेली दिसतील. गुंत्याचेही तेच होते. तंतू एकमेकांपासून दूर सरतात, थर पातळ होतो, आणि नेहमीचे पॉलिप्रोपिलीनचे मेल्टब्लोन तर फाटूनच जाते. रबरासारख्या प्लास्टिकचे तंतू काढता येतात, पण ते पुरेसे बारीक काढणे कठीण. म्हणून आजवरचे बहुतेक उपाय ताण चुकवण्याचे आहेत. डॉक्टरी मास्कला ज्या आडव्या चुण्या असतात त्या शोभेसाठी नाहीत. नेसल्या लुगड्याच्या निऱ्या चालताना उलगडतात तशा त्या उलगडतात, कापड मात्र ताणले जात नाही. वाटीच्या मास्कमध्ये ताण सोसतो तो इलॅस्टिकचा पट्टा. रशियन पाकळीच्या कडेला ओढायची दोरी होती. आता प्रयत्न आहे तो तंतू मुळातच कुरळे, सैल ठेवण्याचा, म्हणजे ताण आला की आधी तंतूचे वळसे सरळ व्हावेत आणि फटी उघडू नयेत. गाळणेच चेहऱ्यासारखे हलावे, एवढीच ती मागणी आहे. ऐकायला साधी, करायला अवघड.

हे सगळे गोव्याच्या वाचकाने का वाचावे? कारण धूळ आपल्याला परकी नाही. सावर्डे, कुडचडे, डिचोली या भागांतल्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक धावत होते तेव्हा झाडांची पाने हिरवी नसत, तांबडी असत. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, त्यानंतर लिलाव झाले. या वादात महसूल मोजला गेला, रोजगार मोजला गेला, टन मोजले गेले. वास्कोत कोळशाच्या भुकटीवरून आंदोलने झाली. पण ट्रकच्या मागे उभा राहणारा, बार्जवर खनिज ओतले जाताना हजर असणारा जो माणूस, त्याच्या तोंडावर बहुधा असायचा तो खांद्यावरचा पंचा. विणलेला. आरपार भोकांचा.

आणि मास्क हा काही पहिला उपाय नव्हेच. आम्हा कारकुनांना कायद्याची कलमे वाचायची सवय असते. १९४८ च्या कारखाना कायद्याचे चौदावे कलम धूळ आणि धूर यांविषयी होते. त्याचा रोख असा होता की धूळ जिथे उठते तिथेच, शक्यतो उगमाजवळ, ती ओढून घ्यावी. म्हणजे पाणी मारा, झाका, खेचून घ्या. एवढे करूनही जे उरेल त्याच्यासाठी मास्क. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. धूळ मोकळी सुटते आणि तिच्याशी झुंजायचे काम कामगाराच्या नाकावर सोपवले जाते, तेही पंचा बांधून.

२०२० साली काही महिने सगळ्यांना एकच भीती होती. तेव्हा मंत्र्यापासून मासळीबाजारातल्या बाईपर्यंत सगळे एकाच गुंत्यातून श्वास घेत होते. मेल्टब्लोनचा तुटवडा झाला ही जगभर बातमी होती. भीती ओसरली आणि तो शब्द पुन्हा विस्मरणात गेला. पण दगड फोडणारा, लाकूड कापणारा, सिमेंटच्या गोणी उचलणारा यांच्यासाठी ती साथ अजून संपलेली नाही, ती रोज सकाळी कामाच्या भोंग्याबरोबर सुरू होते.

प्लिनीने नोंद केली ती हिंगूळ तयार करणाऱ्या मजुराची. दोन हजार वर्षांत जंतूंच्या भीतीने, विषारी धुराच्या भीतीने, अणूच्या भीतीने हे गाळणे इतके बारीक झाले की कोळ्यालाही लाज वाटावी. ते आता महागही राहिलेले नाही. ज्याच्यापासून गोष्ट सुरू झाली त्याच्यापर्यंत ते पोहोचवणे, एवढेच बाकी आहे. त्यासाठी नवा शोध लागणार नाही. कोणीतरी मागणीपत्रावर सही करावी लागेल.